समुपदेशक बाईंची डुलकी

शहागंजात कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक समुपदेशक बाई बसतात. मूळच्या देवगाव रंगारीच्या. आपण काहीही सांगितलं की त्या "बरं, मग?" एवढंच विचारतात.

धाकट्या भावानं मोठी गाडी घेतल्यापासून माझी चिडचिड वाढली होती, म्हणून मी त्यांच्याकडं जायला लागलो. चौथ्या वेळी मी तावातावानं सांगत होतो, की भाऊ फार उधळा आहे, मला त्याची काळजी वाटते. बघतो तर बाईंचे डोळे मिटलेले, मान कलंडलेली.

"मॅडम, झोपलात का?"

मला वाटलं, 'डोळे मिटून ऐकत होते' असं त्या म्हणतील. त्या दचकून म्हणाल्या, "व्हय, डुलकी लागली. चुकलं माझं. पण खरं सांगू? तुमच्या त्या काळजीचा मला लई कंटाळा आला. आता तुमचं खरं सांगा."

इतकं सरळ कबूल करणाऱ्या बाईंपुढं मला खोटं बोलवेना. "हेवा वाटतो," मी म्हणालो, अन् माझे कान तापले. बाई खुर्चीत सावरून बसल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "गेला का हेवा?"

"नाही हो. पण काल त्याच्याच गाडीतून दौलताबादला जाऊन आलो."

"मग राहू द्या हेव्याला. घरातलाच समजा."