खोबरेल तेलावर चालणारी सायकल

सोलापुरात ऊन सोसणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण थंडीशी उघड वैर धरणारा माणूस अख्ख्या शहरात एकच आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. आमच्याकडे थंडी म्हणजे चार दिवस डोकावून जाणारी पाहुणी. यंदा मात्र ती बिछाना घेऊन मुक्कामाला आली. सकाळी नळाखाली हात धरवेना, रिक्षावाले उन्हं तापल्याशिवाय स्टँडवर येईनात. अशा काळोख्या गारठ्यात आमच्या गल्लीतून सायकलची एक घंटी वाजत जाते. साडू टॉवेलच्या कारखान्यात सकाळपाळीला निघालेले असतात. दोन गल्ल्या पलीकडून दूध आणायला स्कूटर काढणारा मी ती घंटी ऐकली की मान खाली घालतो. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आहेत आणि त्यांचा कारखाना पार अक्कलकोट रोडला आहे.

त्यांचा थंडीतला पोशाख बघण्यासारखा असतो. डोक्याला माकडटोपी, तिच्यावरून मफलर, हातमोजे विकत घेणं म्हणजे थंडीपुढे हार मानणं, म्हणून हातात पायमोजे. आणि छातीवर, सदऱ्याच्या आत, कारखान्यातलेच दोन टॉवेल पट्ट्याने आवळलेले. "माल सेकंडचा हाय, पन ऊब एकदम फस्टक्लास," असं ते सांगतात. या टॉवेलांनी एकदा घोटाळा केला. पाळी सुटताना फाटकावर नव्या वॉचमनने त्यांना चाचपलं आणि छातीशी टॉवेल सापडले. सकाळी येताना ते अंगावरच होते, हे त्याला पटेना. दुसऱ्या दिवसापासून साडू आत शिरतानाच हात वर करून उभे राहू लागले. "मोज बाबा आत्ताच, जाताना कटकट नको." माल आत नेताना झडती देणारा दुसरा कामगार मी पाहिलेला नाही.

त्यांचं काम टॉवेल तपासण्याचं. पांढऱ्या टॉवेलवर तेलाचा काळा ठिपका दिसला की घरात विंचू निघाल्यासारखे ओरडतात. या काळ्या डागाच्या धास्तीने त्यांनी सायकलला मशीनचं तेल कधी लावलंच नाही. साखळीला खोबरेल, ब्रेकला खोबरेल, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्येही खोबरेलच. उरलेलं डोक्याला. थंडीत ते थोडं गोठायचं खरं, पण आजवर ते पाळीला निघेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं. यंदा पाळी बदलली आणि नेमका गारठाही वाढला.

त्यात त्यांना खोकला झाला. नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने वडिलांसाठी बॅटरीवरची स्कूटर आणून दारात उभी केली होती. साडू तिला पाहुण्याच्या चपलेसारखं ओलांडून जात. शेवटी एका रविवारी माझ्यादेखत मुलीने बजावलं, "बाबा, यंदा एक दिवस जरी सायकल रस्त्यात बसली, तर ती भंगारात आणि तुम्ही स्कूटरवर. काका साक्षीला आहेत."

"बसायला ती काय म्हैस हाय व्हय?" साडू म्हणाले. पण कबूल झाले.

पुढच्याच आठवड्यात धाकट्या भावाला दुधनी गावच्या एसटीत बसवून मी भल्या पहाटे स्कूटरवरून परतत होतो. रस्त्याकडेला चहाच्या गाड्याजवळ शेकोटी पेटली होती आणि साडू सायकल आडवी धरून तिचं मागचं चाक, हुरड्याचं कणीस भाजावं तसं, जाळावर फिरवत होते.

"अण्णा, हे काय?"

"पायडल मारतोय, मारतोय, आन् ही जाग्यावरच. आत तेल गोठलंय."

"बसा माझ्या मागे. पाळी चुकायची नाही."

"आन् सायकल?"

"ती राहू द्या इथेच."

"मंग पोरगी जिंकली की वो!"

चहावाला ओरडला, "मामा, टायर जळंल! वास सुटलाय."

"मग गरम पानी वत जरा."

"पानी न्हाय. किटलीत चा हाय."

"चा वत."

"साखर हाय त्यात!"

"वत म्हनतोय न्हवं? तिनं तरी कदी गोड खायाचं?"

वाफ निघाली, आल्याचा वास आला आणि दोनचार हिसक्यांनी फ्रीव्हील कटकट बोलू लागलं. साडूंचा चेहरा उजळला. पण सायकल सरळ करताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावनं, घरी इच्यारलं तर काय सांगाल?"

"मला खोटं जमत नाही, अण्णा."

"म्हाईत हाय. म्हनून तर पंचाईत हाय." मग सीट पुसत हळूच म्हणाले, "खोकला हाय, मान्य हाय. पन त्या स्कूटरवर एकदा बसलो की मंग मी म्हातारा. ही चालतीय तवर अजून न्हाय."

संध्याकाळी त्यांच्या मुलीने सायकलचं विचारलंच. मी सगळं सांगितलं, आल्याच्या चहासकट. ती पोट धरून हसली. मग साडूंचं म्हातारपणाचं वाक्यही मी सांगून टाकलं. सांगायला नको होतं, असं तिचा चेहरा बघून वाटलं. ती फक्त "बरं" म्हणाली. भंगारवाला आज येतो की उद्या, या काळजीने मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तो आलाच नाही.

पुढे एका पहाटे धुक्यात सायकल गेली, आणि तिच्यामागे बरंच अंतर ठेवून ती नवी स्कूटर, दिवा मंद करून, सायकलच्याच चालीने. मुलीचं ऑफिस दुसऱ्या टोकाला आहे आणि उघडतं दहाला.

रविवारी साडूंकडे गेलो. ते अंगणात उन्हाला बसून धापा टाकत साखळी पुसत होते. मी म्हटलं, "अण्णा, हल्ली दम फार लागतोय का?"

"लागतोय की. जोरात मारावी लागती."

"कशासाठी?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली केला. "मागं गाडी येती रोज. तिला वाटतंय, बाबाला दिसत न्हाय. हळू मारली तर पोर लई वेळ गारठ्यात ऱ्हाईल न्हवं?"

एवढं बोलून ते खोकले. आतून मुलगी म्हणाली, "काका, बाबा खोकले का?"

मी म्हणालो, "नाही गं. मी खोकलो."