बोहणीचे फोटो

बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीजवळ राबणारा माणूस फोटो कशाला काढून घेतोय? आईनं खिळा मात्र ठोकून घेतला... तो रिकामाच राहिला. मी सातवीत होते, दादा अठरा वर्षांचा. वर्षभरात त्यानं कुठनंतरी जुना कॅमेरा मिळवला आणि जोतिबाच्या डोंगरावर भाविकांचे फोटो काढायला लागला.

पुढं डिजिटल कॅमेरा आला, सोबत छोटा प्रिंटर. दर्शन घेऊन येईस्तोवर फोटो तयार! रोज सकाळी पहिला फोटो तो स्वतःचाच काढायचा, लेन्सवर गुलाल बसलाय का ते बघायला. "बोहणीचा बिघडला तर माझा बिघडू दे, गिऱ्हाइकाचा कशाला?" म्हणायचा आणि कागद खिशात कोंबायचा.

मग ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाईल आला. दादा गळ्यात कॅमेरा अडकवून उभा, आणि लोक त्यालाच म्हणायचे, "पावणं, आमच्या मोबाईलवर काढा की एक!" तो काढायचा. "वहिनी, जरा डावीकडं सरका... शिखर झाकतंय." मी चिडायचे, "फुकट कशाला काढतोस?"

"आगं, न्हायतर देवाचं शिखर कापतील की ती!"

नोकरी लागल्यावर मीही मोबाईल घेतला. दादाचे कितीतरी फोटो काढले. "कागदावर काढ की एखादा," तो म्हणाला होता. "काढूया की, पळून चाललेत व्हय?" मी म्हटलं. पुढच्याच महिन्यात मोबाईल बादलीत पडला. त्यानंतर आठच दिवसांनी डोंगरावर दादाच्या छातीत कळ आली...

दुरुस्तीवाला म्हणाला, ह्यात काही उरलेलं नाही. ओळखपत्रावरच्या फोटोचा नुसता काळा डाग झालेला, त्यात आईला तिचा मुलगा सापडेना. "म्हंजे ह्याचाबी न्हाय व्हय गं?" तिनं विचारलं. एवढी शिकलेली मी, बंद मोबाईलचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

बाराव्याच्या आदल्या दिवशी त्याची पिशवी उघडली. तळाशी बिस्किटांचा डबा, आणि त्यात बोहणीचे फोटो, गच्च भरलेले. कुठं अर्धं कपाळ, कुठं नुसता कान. आईनं सगळे चाळले आणि एक निवडला. नाकावर गुलाल, एक डोळा मिटलेला.

"ह्यात हसतोय बघ," ती म्हणाली.

बाबांसाठी ठोकलेल्या खिळ्यावर आता दादा आहे. शेजारी पदवीच्या गाऊनमधली मी, तो फोटोही त्यानंच काढलेला. त्या कॅमेऱ्यावर त्यानं घर चालवलं आणि मला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.