ब्रेक लागून राहिला

नागपुरातल्या यच्चयावत सायकलींनी मिळून काढलं नसेल इतकं दुखणं माझ्या थोरल्या साडूंच्या एकट्या सायकलीच्या ब्रेकने काढलं आहे. त्या काळी शहराबाहेरचं बेसा म्हणजे निव्वळ खेडं. तिथून रामदासपेठेतल्या कचेरीत हा गृहस्थ धोतर सावरत लेडीज सायकलवरून जायचा. दांड्यात धोतर अडकतं, हे त्यांचं म्हणणं. रविवारी गेलो की सायकल अंगणात चाकं वर करून उलटी, आणि साडू रिमला कान लावून बसलेले. "फिरव गा पायडल. आयकून राहिला का? डावीकडून कण्हून राहिली." मला तर बुवा काहीच ऐकू यायचं नाही, पण "हो" म्हटल्याशिवाय चहा मिळत नसे. एकदा आवाज घालवायला या महापुरुषाने ब्रेकच्या रबराला चक्क गोडेतेल चोळलं. आवाज गेला आणि ब्रेकही गेला. एका म्हशीवर जाऊन थांबले. वर मलाच सांगतात, "तेलाचा काही दोष नाही गा, म्हैस मधात आली."

पण खरा घोळ घातला तो आपल्या मराठीने. चालता चालता रबर रिमला घासायला लागलं की साडू कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला सांगायचे, "ब्रेक लागून राहिला." तो म्हणायचा, "मंग बरंच हाये ना, काका! लागाले तं पाह्यजे." शेवटी यांनी स्वतःच पाना घेऊन ते घासणं बंद केलं आणि आनंदाच्या भरात त्याला सांगायला गेले, "आता लागत नाही बरं का!" त्या बिचाऱ्याने तत्काळ ब्रेक करकचून आवळून दिला. हे लागणं-न लागणं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग त्यांच्या मुलीला शहरातल्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. ठरलं असं, की सायकल तिला द्यायची. पण ती सायकल काही सुलटी होईना. "ब्रेक अजून ठीक नाही," एवढंच उत्तर. बाप-लेक दोघंही बसने जाऊ लागले. बस यायची आपल्या मर्जीने, आणि पोरीचं सकाळचं प्रॅक्टिकल बुडायचं. सोमवारी पुन्हा उशीर झाला तर आत घेणार नाही, असं सरांनी बजावलं. रडकुंडीला आली हो पोरगी! माझं डोकंच फिरलं. रविवारी गेलो, सायकल सरळ केली, गावाबाहेरच्या उतारावर नेली आणि ब्रेक दाबला. जागच्या जागी थांबली. चूं नाही की चां नाही.

"भाऊजी, ब्रेक तर झकास आहे!"

"मले ठाऊक हाये," पान्याकडे बघत ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले."

"मग काहून अडवून ठेवलं पोरीला?"

"रस्त्यानं ट्रक जातेत गा. ब्रेक बरा झाला म्हन्लं असतं, तं निघालीच असती थे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. या माणसावर माझा फार जीव आहे.

सोमवारी सकाळी मुलगी सायकलवर बसली. "येतो, बाबा!" म्हणाली आणि गेलीसुद्धा. वळणावर दिसेनाशी झाली, तरी साडू फाटकात कान देऊन उभे. मी म्हटलं, "चला, चहा घेऊ." ते हलले नाहीत.

"ब्रेक एवढा चांगला कायले केला गा मी?" ते म्हणाले. "कुठं थांबली, कुठून निघाली, काहीच आयकू येऊन नाही राहिलं."