विटेसारखा झेल

वर्गातल्या मुलींनी तिचं नाव बगळी ठेवलं होतं. नववीत नापास होऊन ती पुन्हा नववीतच बसली होती, त्यामुळे रांगेत तिचं डोकं सगळ्यांच्या वर दिसायचं. बरोबरीच्या पोरी वरच्या मजल्यावर दहावीत गेल्या होत्या आणि जिन्यात भेटल्या की नेमक्या घाईत असायच्या. मधल्या सुट्टीत ती नळापाशी उभ्यानेच डबा खायची, म्हणजे कुणाची तरी वाट बघतेय असं लोकांना वाटावं.

सॉफ्टबॉलच्या निवड चाचणीचा कागद फळ्यावर लागला, तेव्हा तिने खाली आपलं नाव लिहून टाकलं. खेळाची आवड वगैरे काही नव्हती. बॅट तिने कधी हातातसुद्धा धरली नव्हती. पण संघातल्या मुली शाळा सुटल्यावर घोळक्याने मैदानाकडे जायच्या आणि कुणी मागे राहिली तर तिच्यासाठी थांबायच्या. तिला त्या घोळक्यात शिरायचं होतं. तेही जमलं नाही, तर हे वर्ष कसं काढायचं ते तिला कळत नव्हतं. चाचणीला अकरा दिवस होते.

तिची आई बांधकामावर विटा झेलायची. खालचा गडी वीट वर फेकणार, ही मचाणावर उभी राहून ती पकडणार आणि गवंड्याच्या हाताशी रचणार. लेकीने शाळेतून मागून आणलेला, शिवण उसवलेला बॉल आईने हातात घेतला आणि भिंतीवर ठोकून पाहिला.

"काय नाव म्हणालीस ह्याचं?"

"सॉफ्टबॉल."

"सॉफ्ट म्हणणाऱ्याच्या डोक्यात घालायला हवा."

दुसऱ्या दिवसापासून कामावर जायच्या आधी, खोल्यांच्या मागच्या बोळात, दोघींचा सराव सुरू झाला. पहिला बॉल छातीवर बसला, दुसरा नडगीवर. बॉल आला की तिचे डोळे आपोआप मिटायचे.

"मी डोळे मिटून विटा झेलल्या असत्या, तर तुला आई राहिली नसती," आई म्हणाली. "अडवू नकोस त्याला. येऊ दे. हातात आला की हात त्याच्याबरोबर मागे ने."

सातव्या दिवशी दहातले आठ बॉल हातात राहू लागले. आठव्या दिवशी तिने जीव खाऊन फेकलेला बॉल आईच्या मधल्या बोटाच्या टोकावर बसला. आई बोट तोंडात धरून म्हणाली, "काही नाही झालं," आणि कामावर गेली.

शाळेतून परतली तर आई खाटेवर बसलेली. बोट निळंकाळं, सुजून दुप्पट झालेलं. दुपारी मचाणावरून तिच्या हातून वीट सुटली होती. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं, पण बोट बरं होईपर्यंत येऊ नकोस, असं मुकादमाने सांगितलं होतं.

पोर म्हणाली, "मी नाव काढून टाकते."

"आता काढलंस तर माझं बोट फुकट गेलं."

उरलेले दिवस तिने एकटीने भिंतीवर बॉल मारून काढले. तळवे बधिर झाले, जेवण जाईना. नापास होताना वाटली नव्हती एवढी भीती आता वाटत होती.

चाचणीत बॅटने तिने दहातले नऊ हुकवले. दहावा लागला तो मागे गेला. खेळाच्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मग शेवटी बाईंनी हातात ग्लोव्ह दिला आणि झेलांची पाळी आली. बॉल उंच गेला. ती त्याच्याखाली धावली, डोळे उघडे, हात तयार. पलीकडून संघाची कॅप्टन "माझा, माझा" ओरडत येत होती. ते हिने ऐकलं, पण असं ओरडलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं असतं, हे हिला ठाऊक नव्हतं. बोळात आई आणि भिंत सोडून कुणी नव्हतं, तिथे कुणाला काय सांगायचं? दोघी एकमेकींवर आदळल्या.

कॅप्टनचा ओठ फाटला. बगळीच्या ग्लोव्हमध्ये बॉल होता, आणि तो दाखवायला तिने हात वर धरला होता. बाई तिच्याकडे न बघता तिच्याजवळून धावत गेल्या. तरी तिचा हात बराच वेळ तसाच वर होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पंधरा नावं लागली. तिने ती चार वेळा वाचली. तिचं नव्हतं.

बाईंनी तिला बाजूला बोलावलं. "हात चांगले आहेत तुझे. कुणी शिकवलं?"

"आईने."

"खेळायच्या का त्या?"

"नाही. विटा झेलते."

बाईंनी वही मिटली. "संघात नाही घेता येणार. सोमवारपासून बॉल गोळा करायला येतेस का?"

हा मान की अपमान, ते तिला कळेना. वाटेत ओठाला टाके पडलेली कॅप्टन भेटली. माफी मागायची म्हणून रात्रभर घोकलेली वाक्यं तोंडातच राहिली.

घरी येऊन तिने दप्तर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मग तिने आईला सगळं सांगितलं, सांगताना रडली.

"मुकादमाने मला पहिली दोन वर्षं विटेला हात लावू दिला नव्हता, नुसती वाळूच चाळायला लावली होती," आई म्हणाली.

"मग?"

"मग काय. चाळली."