रिकाम्या पोटाची गोळी

आजारी माणसानं गोड बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोळी एकदा घेऊन पाहावी. व्होरिकोनाझोल. नाव घेतानाच दम लागतो. जुन्या टीबीनं माझ्या फुप्फुसात एक पोकळी करून ठेवली होती, तिच्यात बुरशी वाढली. बुरशी! शिळ्या पावावर येते ती! खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा दिल्लीतल्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आणि बजावलं, औषध लागू पडलं नाही तर फुप्फुसाचा तेवढा भाग कापून काढावा लागेल.

गोळीचे नखरे तर विचारूच नका. सकाळ-संध्याकाळ घ्यायची, तीही रिकाम्या पोटी. आधी तासभर काही खायचं नाही, नंतरही तासभर नाही. घेतल्यावर थोड्या वेळानं ट्यूबलाइटच्या कडा हिरव्या दिसायला लागायच्या. वर उन्हात जायची बंदी, कातडी भाजते म्हणे. गुडगावची थंडी, खाली सोसायटीच्या बागेत सगळ्या बायका उन्हाला पाठ देऊन मटार सोलतायत, आणि मी पडदे ओढून घरात. लिफ्टमध्ये भेटेल ती सांगायची, "धूप में बैठो जी, सब ठीक हो जाएगा." अगं बाई, उन्हाचीच तर बंदी आहे! किती जणींना सांगणार? शेवटी मी नुसतं "अच्छा जी" म्हणायला लागले.

नवरा पहाटेच कंपनीच्या बसनं मानेसरला जायचा, म्हणून माझ्याजवळ राहायला साताऱ्याहून आई आली. पहिल्याच दिवशी तिला मी नियम सांगितला. तिचा चेहराच पडला.

"एवढी कडक गोळी, आणि रिकाम्या पोटी? आतडी जळतील गं."

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई."

"त्यांना काय जातंय सांगायला!" असं म्हणाली, पण मग मान डोलावली. मला वाटलं, झालं, समजलं.

काही आठवड्यांनी औषध रक्तात किती उतरलंय ते तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "आप दवा छोड़ रही हैं." माझं डोकंच फिरलं. मळमळत असताना, डोळ्यांपुढे हिरवे दिवे नाचत असताना मी एकही गोळी चुकवली नव्हती, आणि हा माणूस मला खोटं पाडतो!

"फिर खाली पेट नहीं ले रहीं," ते म्हणाले.

"बिल्कुल खाली पेट!" मी ठणकावलं आणि साक्षीला बरोबर आलेल्या आईकडे पाहिलं.

आई तिच्या हिंदीत म्हणाली, "हां जी, कुछ नहीं खाती. सिरफ दूध देती मैं, थोडा तूप डालके."

"क्या डालके?"

"तूप. घी, घी!"

हळदीचं दूध, वर चमचाभर साजूक तूप. रोज दोन्ही वेळा गोळीबरोबर आई पेला हातात द्यायची आणि मी घटाघट पिऊन टाकायची. दूध हे काही खाणं नव्हे, अशाच घरात मी वाढले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. असल्या दुधातुपानं औषध अंगात शिरतच नाही, म्हणाले. आता शेवटचं एकदा नीट घ्या, पुन्हा तपासू, नाहीतर ऑपरेशन.

परत येताना मी मेट्रोतच आईवर तुटून पडले.

"अगं, दूध तर एकादशीलासुद्धा चालतं," ती हळूच म्हणाली.

"माझं फुप्फुस कापायला निघालेत, आणि तुला एकादशी सुचतेय!"

डब्यातले लोक वळून बघायला लागले. आईनं तोंड खिडकीकडे केलं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, एवढी चिडले होते की वाईट वाटायला जागाच नव्हती.

पुढचं आधीच सांगून टाकते: दुसऱ्या तपासणीत औषध रक्तात नीट उतरलेलं निघालं आणि ऑपरेशन टळलं. कारण त्या दिवसापासून आई घड्याळासमोर पहारेकऱ्यासारखी बसायला लागली. चहाचा घोट मागितला तरी डोळे वटारायची.

पण त्या तपासणीच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली. ऑफिसचा कॉल लवकर सुरू झाला आणि लांबतच गेला, त्यामुळे मी गोळीही उशिरा घेतली. कॉल संपवून स्वयंपाकघरात आले तर आई ओट्याला टेकून जमिनीवर बसलेली. एवढ्या थंडीत कपाळावर घाम, हात थरथरतायत. तिची मधुमेहाची गोळी तिनं नेहमीच्या वेळी घेतली होती, आणि त्या गोळीनंतर लगेच खावं लागतं, नाहीतर साखर एकदम उतरते. ओट्यावर पोह्यांच्या दोन बशा झाकून ठेवलेल्या होत्या. दोन्ही भरलेल्या.

"खाल्लं का नाहीस तू?"

"तू उपाशी, मी कशी खाऊ?"

मेट्रोतल्या त्या दिवसापासून ती रोज माझ्यासाठी थांबत होती. मी नुसती भडकले. "अगं, माझी गोळी न खाण्याची आहे, तुझी खाण्याची! दोघींनी मिळून मरायचंय का?" ओरडतच मी डबा काढला आणि रव्याचा लाडू तिच्या हातात कोंबला.

तिनं तो फोडला आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला.

माझा तास व्हायचा होता. मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि मान हलवली. ती तुकडा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं तो स्वतःच्या तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदाच आई माझ्याआधी खात होती, आणि प्रत्येक घासाला रडत होती.