अप्पांचा पहिला घोट

मंगळवार, ३ डिसेंबर १९९६. सकाळचे दहा. कॉलेजच्या प्राणिगृहात हजर: मी, पिंजऱ्यांचं काम पाहणारे रशीदभाई, धर्मापुरी रस्त्यावरच्या एका गावचे किराणा दुकानदार महालिंगअप्पा, आणि बारा पांढरे उंदीर. वीज गैरहजर.

रशीदभाईंनी पहिला उंदीर मुठीत धरला. मी औषध पिचकारीत ओढणार तेवढ्यात अप्पांनी हात आडवा घातला.

"थांबा म्याडम. आधी मी."

त्यांनी टेबलावरचं काचेचं भांडं उचललं, धोतराच्या सोग्यानं कड पुसली आणि घोटभर औषध पिऊन टाकलं.

"अप्पा, ते उंदरांसाठी आहे," मी म्हणाले.

"आज रोगी त्येच की. रोग्याच्या आधी देणाऱ्यानं प्यायचं. आमच्या घरची रीत हाय."

"मग पथ्यबी सांगा त्यांना," रशीदभाई म्हणाले. "तेल बंद, तिखट बंद."

"पथ्य तुमाला हाय. त्येंच्या तोंडापुढं बिडी वढू नका."

मी हसले आणि नोंदवही उघडली. प्रत्येक उंदराचा क्रमांक, वजन, मात्रा, वेळ. अप्पांचा घोट लिहिला नाही.

आमचं फार्मसी कॉलेज तेव्हा नवं होतं. जिल्ह्यात अशी विनाअनुदानित कॉलेजं एकामागून एक निघत होती. आमच्याकडे इमारत अर्धी, पुस्तकं थोडी आणि पुण्याहून आणलेले उंदीर मात्र भरपूर होते. गावठी औषधांची तपासणी होते असं ऐकून अप्पा एका पिशवीत मुळ्या घेऊन आले. मुळीचं नाव इथे लिहीत नाही. वाचून कोणीतरी खणायला निघेल.

अप्पा पासष्टीच्या आसपास होते. उंच, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलणं हळू. सहा दिवस दुकान आणि आइतवारी सकाळी दुकानाच्या ओट्यावर काविळीचं औषध. मुळी ताकात उगाळायची, वाटीभर द्यायची, पाच आइतवार. आजोबांपासून चालत आलेलं. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही. आणि प्रत्येक रोग्याच्या वाटीतला पहिला घोट त्याच्या डोळ्यांदेखत आपण घ्यायचा. कोणी बिचकलं तर अप्पा म्हणत, "मी काय तुला पाजून पळून जानार हाय? बघ, आधी मी प्यालो."

ते आले ते सखूमुळे. शेजारच्या वस्तीवरच्या किसनची ही बायको. चार आइतवार तिनं औषध घेतलं आणि पाचवा यायच्या आत दवाखान्यात वारली. झाडपाला दिला होता का, असं तिथल्या डॉक्टरांनी किसनला विचारलं होतं. ते अप्पांच्या कानावर आलं.

"किसननं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं," अप्पा म्हणाले. "त्यो रामराम घालतो अन् पुढं जातो. सखू काविळीनं मेली का माझ्या मुळीनं, येवढं सांगा. तुमची उंदरं सांगतेत म्हनं."

सखूचं उंदीर सांगणार नाहीत, पण मुळी विषारी आहे का ते सांगतील, असं मी म्हणाले.

पहिली तपासणी एका वेळच्या मोठ्या मात्रेची होती. चौदा दिवसांत एकही उंदीर मेला नाही. मी कॉलेजच्या कागदावर लिहून दिलं: एका वेळच्या मात्रेत विषबाधा आढळली नाही. अप्पांचा मुलगा शिवराज यानं तो कागद चौकटीत घालून दुकानात टांगला. 'एका वेळच्या मात्रेत' हे शब्द येणाऱ्यांपैकी कोणीच वाचले नाहीत. माजलगावकडून जीप भरून लोक येऊ लागले.

ते शब्द फक्त अप्पांना खुपले. पुढच्याच मंगळवारी ते एसटीनं परत आले.

"म्याडम, उंदरानं एकडाव प्यालं, त्यो जगला. सखूनं चारडाव प्यालं. त्येचं काय?"

हे मी आधीच सांगायला हवं होतं. मग चोवीस उंदीर घेतले, चार पिंजरे केले आणि चार आठवडे रोज औषध दिलं. एका पिंजऱ्याला नुसतं ताक, दुसऱ्याला माणसाच्या मानानं अप्पांचीच मात्रा, उरलेल्या दोन पिंजऱ्यांना वाढत्या मात्रा. दर मंगळवारी अप्पा यायचे, पहिला घोट घ्यायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. आइतवारी ओट्यावर औषध चालूच होतं. माझा कागद भिंतीवर होता.

शेवटच्या दिवशी उंदरांना भूल देऊन मारलं आणि उघडलं. अप्पांना बाहेर बसा म्हटलं, ते उठले नाहीत. निरोगी यकृत तांबडं आणि गुळगुळीत असतं. मी बशीत एक फिकट, खरखरीत यकृत ठेवलं.

"हे जास्तीच्या मात्रेचं का?" त्यांनी विचारलं.

"नाही अप्पा. तुमच्या मात्रेचं. सहांपैकी चौघांचं असंच आहे."

त्यांनी बशी जवळ ओढली. मग म्हणाले, "ह्येंचं पुढं काय करता?"

"मागं खड्डा हाय," रशीदभाई म्हणाले. "पुरतो."

"आमच्यातबी पुरतेतच."

"आमच्यातबी, अप्पा. चला, दोघं मिळून पुरू."

खड्ड्याजवळ उन्हात उभं असताना रशीदभाईंनी विचारलं, "तुमी कवापासून पिता हे?"

"बाविसाव्या वर्सापासून. आइतवारी धा रोगी आले तर धा घोट."

रशीदभाई माझ्याकडे वळले. "म्याडम, अप्पांचे डोळे बघा."

पिवळे होते. उंदरांच्या नोंदवहीत 'डोळे' असा एक रकाना होता आणि तो मी रोज न चुकता भरला होता.

त्याच दिवशी अप्पांनी औषध बंद केलं. शिवराज म्हणाला, "लोक दारात बसलेत अप्पा, त्यांना काय सांगू?" अप्पांनी स्वतः चौकट उतरवली आणि ओट्यावर जाऊन सांगितलं. मग ते किसनच्या वस्तीवर गेले. तिथलं बोलणं त्यांनी मला नंतर सांगितलं, तेव्हा ते स्वतः दवाखान्यात भरती होते.

"म्या म्हनलं, किसन, मुळी वाईट हाय. सखूला त्येनंच झालं का, ते देवालाच म्हाईत. त्यो म्हनला, अप्पा, ती प्यायला तयारच नव्हती. तुमी आधी प्यालात, म्हनून प्याली." अप्पांनी कूस बदलली. "ती रीत नसती ना म्याडम, तर चार मानसं तरी वाटी ठिवून गेली असती."

दवाखान्यात कार्ड भरणाऱ्यानं विचारलं, दारू किती वर्षं? गावात तेवढं पुरलं. अप्पा लपून प्यायचे म्हणे. शिवराज भांडायला निघाला.

"मला पिदाडा म्हनले तर म्हनू द्या," अप्पा म्हणाले. "पन दारूनं मेला असं ठरलं की मुळी सुटली. लोक परत खनतील. म्याडम, वही आनली का? लिहा."

तीन दिवस ते आठवून आठवून सांगत होते आणि मी लिहीत होते. मागच्या काही वर्षांतले रोगी, गाव आणि खूण. या सगळ्यांना सांगायचं आणि रक्त तपासायला न्यायचं. चौथ्या दिवशी त्यांना माणसं ओळखू येईनात. आठवड्यानं ते गेले. त्यांना बसवून पुरलं तेव्हा रशीदभाई आणि मी होतो. किसनही आला होता. सगळ्यांच्या मागे उभा राहिला, बेलाचा पाला वाहिला आणि गेला.

यादीत एकसष्ट नोंदी आहेत. सुट्टीच्या दिवशी रशीदभाई आणि मी निघतो. चोपन्न झाल्या. त्यांतली पाच माणसं आधीच वारलेली, तिघांवर उपचार चालू. सहाजणांनी गाव सोडलं, त्यांच्या नातेवाइकांना पत्रं टाकली आहेत.

राहिली एकच, सत्तेचाळीस क्रमांकाची नोंद. अप्पांनी सांगितली तशीच लिहिली आहे: 'ऊसतोडीची बाई. माजलगावकडं टोळी व्हती. कडंवर लेकरू, त्येचेबी डोळे पिवळे. लेकराला अर्धी वाटी. नाव इचारलं न्हाई.'

दोन हंगाम आम्ही ऊसतोड्यांच्या झोपड्यांतून, कोप्या-कोप्यांतून विचारत फिरलो. या वर्षीच्या टोळ्या गेल्या आठवड्यात उतरल्या आहेत. अजून गेलो नाही; येत्या सुट्टीला निघायचं आहे.