ऑटो भरणारी बाई

"एकच सीट, एकच! बसा भाऊ, निघूनच राह्यला!"

बसस्थानकाबाहेर असं कोणी ओरडत असेल तर तो ऑटोवाला, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ही मात्र सवारी होती. लेकीला ऑटोत बसवायची, पदर कमरेला खोचायची आणि भर रस्त्यात उभी राहून दुसऱ्याच्या ऑटोसाठी माणसं गोळा करायची.

चंद्रपूरच्या ऑटोची रीत तुम्ही पाहिलीच असेल. भरल्याशिवाय तो हलत नाही. 'निघालोच' म्हणत ऑटोवाला गाडी सुरू करतो, थोडी पुढे नेतो आणि पुन्हा मागे घेतो. आत बसलेल्याला वाटतं, सुटलो. मी पोंभुर्ण्याकडून रोज अप-डाऊन करतो, मोठ्या दवाखान्यासमोर चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. इतक्या वर्षांत या थापेला रोज फसलो आणि रोज मनातल्या मनात ऑटोवाल्याचा उद्धार केला.

ही बाई मनातल्या मनात काही करत नसे. ती आमच्याच बसमध्ये वाटेत एका फाट्यावरून चढायची. गावच्या तलावातली मासोळी विकणारी बाई, त्यामुळे आवाजाला तोटा नव्हता. पहिल्यांदा मी तिला ऐकलं तेव्हा ती एका पेन्शनर माणसाला "या भाऊ, ताजी सीट हाय!" म्हणून बोलवत होती. तो बिचारा घाबरून बसलाच.

ऑटोवाला ठरलेला होता. दाढीचे खुंट वाढलेला, कायम वैतागलेला. तो म्हणायचा, "बाई, ऑटो माहा हाय का तुमचा?"

"तुमचाच हाय. पण तुम्ही तोंडात खर्रा धरून बसता, मंग माणसं कोन बोलावनार?"

आम्ही सगळे हसायचो. लेक तेवढी हसत नसे. अकरावीतली असेल. ओढणी तोंडावर ओढून ती म्हणायची, "आई, गप नं व. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. पाहता पाहता एखादा बसन."

ही घाई कशाची, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. लेकीला सिकलसेल होता. आपल्याकडे हा आजार कोणाच्या घरात नाही? रक्त कमी झालं की मुलीचे डोळे पिवळे पडायचे, हातपाय ठणकायचे. मग तिला दवाखान्यात आणून रक्त लावायचं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. अख्खा ऑटो करण्याची ऐपत नव्हती. म्हणून ऑटो भरण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. मुलगी आत दातावर दात दाबून बसलेली असायची आणि ही बाहेर हसतमुखानं गिऱ्हाईक बोलावत असायची. हे समजल्यावर मला तिच्या ओरडण्याचं हसू येईनासं झालं. मी बसमधून उतरलो की धावत जाऊन आधी तिच्या ऑटोत बसायचो, तेवढीच एक जागा कमी.

मला ती 'चष्मेवाले भाऊ' म्हणायची. एकदा मी विचारलं, "तुमचंच रक्त का देत नाही तिला?"

"माहं घेत नाई नं. माह्यातही तेच हाय म्हनते, अर्धं. तिच्या बापातही तसंच." मग म्हणाली, "आमी दोघांनी अर्धं अर्धं देल्लं, पोरीचं पुरं झालं." तिनं हे भाव सांगावा तसं सांगितलं आणि लगेच एका माणसाला हात केला. मला त्या दिवशी दुकानात काम सुचलं नाही.

त्या वर्षीचा मे महिना तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे उन्हाळ्याचं कौतुक नाही, पण त्या वर्षी सकाळीच डांबर चपलेला चिकटत होतं. मी बसमधून उतरलो तर ऑटोच्या रांगेपुढे तीच उभी. लेक बरोबर नव्हती. पदर खोचलेला, केस सुटलेले, आणि आवाज असा की मासोळी विकतानाही तो तिनं कधी लावला नसेल.

"रक्त पाहिजे हो भाऊ! बी पॉझिटिव! एक मानूस, एकच मानूस!"

लेकीला आदल्या दिवशी भरती केलं होतं. रात्रीतून ती फार खालावली. रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी शिल्लक नव्हती. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, उन्हाळ्यात असंच होतं. कोणी देणारं असेल तर लवकर आणा, असं तिला सांगितलं होतं. नात्यातल्यांचं रक्त चालणार नाही, हे तर तिला माहीतच होतं. मग आणणार कुठून? माणसं बोलवायची एकच जागा तिला ठाऊक होती.

लोक बघत होते आणि घड्याळाकडे पाहत पुढे जात होते. मला सगळ्यांचा संताप आला. मी स्वतः इन्सुलिन घेणारा, माझं रक्त कोणी घेत नाही, तेव्हा संताप करायला मी मोकळाच होतो. मीही तिच्या शेजारी उभा राहून ओरडू लागलो. मला ओरडता येत नाही. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

शेवटी राजुऱ्याच्या गाडीसाठी थांबलेला एक कोळसा खाणीतला माणूस पिशवी घेऊन पुढे आला. "माहं बी पॉझिटिव हाय," म्हणाला आणि ऑटोत जाऊन बसला. मीही बसलो. ऑटोवाल्यानं गाडी सुरू केली.

आणि ती बाई रस्त्यातच उभी! हात वर करून ओरडतच होती, "दोन सीट, दोनच सीट! बसा भाऊ, निघूनच राह्यला!" माणूस मिळाला, आता निघायचं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ऑटो भरला नाही म्हणजे ऑटो निघणार नाही, एवढंच तिच्या अंगात भिनलेलं.

"बाई, बसा!" ऑटोवाला ओरडला. "भरली गाडी! भरली!"

तिनं आत पाहिलं. मागे आम्ही दोघंच होतो. ती बसली. ऑटोवाल्यानं जटपुरा गेटची गर्दी हॉर्नवर बोट दाबून कापली. बाईचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता.

रक्तपेढीत खाणीतल्या माणसाचं रक्त तपासलं. तोही तिच्यासारखाच, अर्धा आजार अंगात. त्यालाच माहीत नव्हतं. इतका धट्टाकट्टा माणूस, पण तिथल्या बाकावर मान खाली घालून बसला आणि तिची माफी मागू लागला. ती त्यालाच समजावत होती, "तुमची काय गलती, भाऊ." आता पुन्हा बसस्थानक, पुन्हा ते ओरडणं, आणि वर खाटेवर ती पोरगी.

तेवढ्यात ऑटोवाला आत आला. किती वेळ लावता, म्हणून भांडायलाच आला असावा. त्यानं आमची तोंडं पाहिली. मग खर्रा बाहेर थुंकून आला आणि शर्टाची बाही वर करत म्हणाला, "माहं पाहा नं. मले मालूम नाई कोनतं हाय ते."

त्याचं बी पॉझिटिव्ह निघालं. बाकी काही दोषही निघाला नाही. त्याचं रक्त घेतलं. पिशवी तपासून वर जायला वेळ लागतो म्हणाले. बाई वर लेकीजवळ गेली. खाणीतला माणूस त्याच्या गाडीला गेला. मी दुकानात न जाता ऑटोवाल्याबरोबर पायऱ्यांवर बसलो. कोपराच्या घडीत कापूस धरून तो सारखा मला विचारत होता, "आता लागलं असन नं, भाऊ?" मी म्हणत होतो, लागलं असेल. त्यानं त्या दिवशी दुसरी फेरी मारली नाही.

ऊन उतरल्यावर ती खाली आली. रडत नव्हती. आधी तिची नजर त्याच्या हातावरच्या कापसाकडे गेली.

"दुखते काय, भाऊ?"

"नाई. लागलं का पोरीले?"

"माह्या पोरीनं वाट नाई पाह्यली."

तो उठायला गेला आणि परत खाली बसला. मला तिच्याकडे बघवेना.

"तुमचं रक्त वाया नाई गेलं," ती म्हणाली. "बाजूच्या खाटेवर एक पोरगी हाय, धानोऱ्याकडची. तिलेही हेच रक्त पाहिजे होतं. तिले लावून राह्यले आता." मग जिन्याकडे वळत म्हणाली, "तिची माय लहान हाय, पिशवी पाहून भेते. पिशवी संपेवर मी बसतो तिच्यापाशी."

आणि ती जिना चढून परत वर गेली.